दगड सुका घ्यावा की ओला

लालबाग, बुधवार, दुपार

तीर्थरूप आक्कास,

लालबागहून तुझ्या धाकट्या आणि सध्या पार दमलेल्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपलं लिहिण्यापुरतं. आठांपैकी कमरेखालची अंगं गेला महिनाभर माझ्या सांगण्यात नाहीत, त्याचं कारण खाली येईलच.) तुझ्या गुडघ्याला कसं आहे? आमच्या हिनं, सीमानं, पाठवलेलं तेल तू स्वतःच्या गुडघ्याला लावतेस की म्हशीच्या, ते एकदा खरं काय ते कळव. मागे फोनवर तू 'म्हशीक बरा वाटला' म्हणालीस, तेव्हापासून आमच्या घरात यावर दोन मतं आहेत. काजूला मोहर कसा आहे? माकडं कशी आहेत? इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे हयात आहेत. फोन सोडून पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तुला ऐकू येत नाही आणि आमच्या शेजारी बसलेल्या थोरल्या बंधूंना, म्हणजे दादांना, सगळं ऐकू येतं. तुला ऐकू जावं म्हणून मी ओरडतो, तेव्हा तर सोळाव्या मजल्यालाही ऐकू येतं. मोबाईलवर लिहून पाठवावं तर तो फोन तुझ्या नातवाकडे, आणि तो मेसेज अख्ख्या वाडीला वाचून दाखवतो. (सीमाच्या पित्ताच्या खड्याबद्दल मला गेल्या वर्षी देवगडहून सहानुभूतीचे तीन फोन आले होते.) तेव्हा हे पत्र तू एकटीने, चष्मा लावून, जेवण झाल्यावर वाचावंस अशी विनंती आहे.

आपल्या दादांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत आणि बायपास करायचं ठरलंय, इतपत तुला माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की सत्तरीच्या मानाने तब्येत चांगली आहे, ऑपरेशन नीट होईल, पण दिवस घालवू नका. 'दिवस घालवू नका' हे त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा दादांकडे बघून आणि एकदा माझ्याकडे बघून, आणि दुसऱ्या वेळी त्यांचा चेहरा मला अजिबात आवडला नाही. दादा अगदी शहाण्या मुलासारखे हो म्हणाले. कुठे सही करायची तेही त्यांनी आपणहून विचारलं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आपल्या घरातला कुठला पुरुष औषधपाण्याला पहिल्या फटक्यात हो म्हणालाय? पण मी आपला गहिवरलो, आणि येताना परळच्या नाक्यावर त्यांना शहाळं पाजलं.

त्याच आठवड्यात टाकी आली. ही टाकी म्हणजे लोअर परळच्या त्या ऑफिसातली, जिथे गिरणी बंद झाल्यावर दादांनी लिफ्ट चालवली. तिथे खाली स्वागताच्या जागेत काचेची ही भली मोठी माशांची टाकी होती. ऑफिस आता तिथून उठलं, खुर्च्या-टेबलं विकली गेली, मासे कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर गेले आणि रिकामी टाकी मागे राहिली. कुणीतरी आठवण काढून दादांना फोन केला, की काका, तुम्ही रोज तिच्यासमोर उभे राहायचात, तुम्हाला हवी का? आता आक्का, शहाणा माणूस अशा वेळी घरात विचारतो. दादांनी टेम्पोवाल्याला विचारलं. आमच्या बिल्डिंगची सामानाची लिफ्ट त्या दिवशी नेमकी दुरुस्तीला होती, आणि चौदाव्या मजल्याचं पहिलं फळ माझ्या कमरेला मिळालं. (चाळीत पहिल्या माळ्यावर होतो ते काय वाईट होतं, हा प्रश्न मी त्या दिवशी प्रत्येक वळणावर विचारला.) टाकी हॉलमध्ये, सोफ्याच्या जागी बसली. सोफा गॅलरीत गेला. आणि टाकीवर हात ठेवून दादांनी जाहीर केलं, 'पयलो मासो टाकयेत सोडलंय की दुसऱ्या दिसा मी हॉस्पिटलात. त्याच्याआदी नाय.'

मी म्हटलं, ठीक आहे, उद्याच दादर मार्केटमागच्या दुकानातून दोन लाल मासे आणतो, पिशवीत पाणी घालून देतात, परवा ऍडमिट. दादांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर तुला ठाऊक आहे. लहानपणी मी एकदा पाहुण्यांसमोर नदीतला मासा चांगला लागतो म्हणालो होतो, तेव्हाची. 'गोड्या पाण्यातलो? तो काय मासो?' झालं. म्हणजे टाकी खाऱ्या पाण्याची. आयुष्यभर ज्या माणसानं माशाकडे फक्त तो तळावा की आमटीत घालावा एवढ्याच दृष्टीने पाहिलं, त्याला एकाएकी तो पोहताना बघायचाय, आणि तोसुद्धा समुद्रातलाच. समुद्र आम्हाला वरळीला दिसतो, पण ते पाणी चालत नाही म्हणे. मीठ विकत आणायचं, ते शुद्ध पाण्यात विरघळवायचं, यंत्रानं मोजायचं, आणि मग त्यात दगड घालायचा. सगळं घोडं अडलंय ते या दगडावर.

हे जरा समजून घे, मलाही समजायला दोन फेऱ्या लागल्या. टाकीतला मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीचं पाण्यात विष होतं आणि मासा आपल्याच विषानं मरतो. समुद्रात ती घाण खाणारे बारीक जंतू असतात. टाकीत त्यांना राहायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे हा भोकाभोकांचा दगड. दुकानात तो दोन तऱ्हेचा मिळतो. एक ड्राय रॉक, म्हणजे कोरडा, धुतलेला, आत काही नाही असा. तो टाकला की जंतू वस्तीला येईपर्यंत महिनोन्‌महिने वाट बघायची. दुसरा लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत. त्यात जंतूंचा संसार आधीच मांडलेला असतो, तो टाकला की थोड्याच आठवड्यांत मासा सोडता येतो. परळचे दुकानदार मनूशेठ (नाकावर बोट ठेवून बोलतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट गुपित वाटते) म्हणाले की समुद्रातून दगड काढायला आता बंदी आहे, त्यामुळे ते तो आपल्याकडेच टाकीत मुरवतात. दादा म्हणाले, म्हणजे लोणच्यासारखो. मनूशेठ म्हणाले, हो. मग त्यांनी दादांना विचारलं, काका, तुम्हाला ड्राय हवा की लाइव्ह? आणि दादांनी दुकानात इकडेतिकडे बघून अत्यंत गंभीरपणे विचारलं, सुक्यात काय काय हा?

तेव्हापासून आमच्या घरात त्याला ड्राय आणि लाइव्ह कुणी म्हणत नाही. सुका आणि ओला. पुढे जे घडलं त्याचं मूळ या दोन शब्दांत आहे, तेव्हा लक्षात ठेव.

मी विचारलं, ओल्याला किती वेळ? मनूशेठ म्हणाले, शिमग्याच्या आत मासा सोडा. आणि सुक्याला? नाकावरचं बोट काढून ते म्हणाले, गणपती उजाडतील. आक्का, 'गणपती' हा शब्द ऐकताच दादांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. कोकणी माणसानं एकदा 'गणपतीनंतर बघू' म्हटलं की ते काम कुठे जातं हे तुला सांगायला नको. गणपतीनंतर पितृपक्ष, त्यात कुणी अंगाला सुरी लावून घेत नाही. मग नवरात्र, मग दिवाळी, दिवाळीत हॉस्पिटलात कोण झोपतं? मग तुळशीचं लग्न, मग गावची जत्रा, आणि मग पुन्हा शिमगा. एवढं सगळं दादांनी दुकानात उभ्या उभ्या मोजलं आणि ताबडतोब सांगितलं, 'सुको द्या.' मनूशेठना वाटलं, सुका स्वस्त पडतो, म्हातारा काटकसरी आहे.

मी ओला म्हटलं, ते सुका म्हणाले, आणि तिथून जी जुंपली ती आजतागायत. दादांचे मुद्दे वकिलाला लाजवतील असे. ओल्या दगडात जीव असतो, म्हणजे तो सोमवारी घरात चालेल का? समोर देवघर आहे. मी म्हटलं, आपण तो खाणार नाही आहोत. तर म्हणाले, भरवसो काय? दुसरा मुद्दा, ओल्या दगडाच्या भोकांत कोण कोण लपून बसलंय ते घेणाऱ्याला कळत नाही. खेकडे निघतात, किडे निघतात (हे मात्र खरं आहे, मनूशेठही मान्य करतात), आणि एकदा आत शिरलेला भाडेकरू बाहेर काढायला किती वर्षं लागतात हे लालबागच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या चाळीची बिल्डिंग व्हायला लागलेला काळ दादांनी उदाहरणादाखल सांगितला. मला फक्त डॉक्टरीणबाईंचा चेहरा दिसत होता. त्यांच्याकडून फोन येतो, तारीख मिळते, दादा टाकीकडे बोट दाखवतात, मी तारीख पुढे ढकलतो आणि पलीकडची बाई मला 'तुम्ही पेशंटचे नक्की कोण?' असं विचारते.

शेवटी गेल्या गुरुवारी मी गुपचूप गेलो आणि ओला दगड घेऊन आलो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, बादलीत ठेवलेला. टॅक्सीवाल्यानं अर्ध्या वाटेत नाकाला रुमाल लावून विचारलं, भाऊ, मासळी शिळी मिळाली काय? लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई चढल्या आणि पाचव्या मजल्यावर उतरल्या. त्यांना अकराव्यावर जायचं होतं. टाकीतलं पाणी अजून पुरतं जमलं नव्हतं, म्हणून मनूशेठनी दिलेलं खारं पाणी मोठ्या पातेल्यात ओतून मी दगड त्यात ठेवला, पातेलं मोरीत झाकून ठेवलं, सीमाला म्हटलं आत ओला आहे, हात लावू नकोस, आणि मान ताठ करून बँकेत गेलो. दादा सोफ्यावर, म्हणजे गॅलरीत, पेपर वाचत होते.

परत आलो तो बिल्डिंगच्या फाटकापाशीच कळलं. आमच्या गॅलरीकडे बोट दाखवून माणसं उभी होती. वर आलो. गॅलरीच्या दांडीला आपली बोंबील वाळवायची टोपली टांगलेली, तिच्यावर कावळ्यांसाठी जाळी, आणि जाळीखाली माझा जिवंत दगड, हळद-मीठ लावलेला. झालं होतं ते असं. मोरीतून वास सुटला. सीमानं झाकण काढलं. दादा गॅलरीतून म्हणाले, 'ओलो हा, ऱ्हवाचो नाय. सुकवक घाल.' आता सीमा देवगडची. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात 'ओला आहे, राहणार नाही, सुकत घाल' एवढं ऐकलं की तिचे हात आपोआप चालायला लागतात, त्यात डोक्याचा संबंध येत नाही. तिनं पाणी उकळलं. उकळतं पाणी दगडावर ओतलं. काथ्यानं घासला. भोकातून एक एवढासा खेकडा पळाला तो तिनं चपलेनं मारला. मग मीठ लावलं, हळद लावली आणि उन्हात टांगला. हळद कशाला, असं मी नंतर रडकुंडीला येऊन विचारलं, तर म्हणाली, मुंग्या लागू नयेत म्हणून. मनूशेठनी महिनोन्‌महिने मुरवलेला संसार तिनं चहाला लागतो तेवढ्या वेळात संपवला. सकाळी ओला होता, दुपारी सुका झाला. आणि सुका म्हणूनही तो आता कामाचा नाही, हळद उतरते म्हणे पाण्यात.

दादा पेपर वाचत होते. चष्मा कपाळावर होता.

आक्का, मी त्यांच्यावर ओरडलो. आजवर कधी ओरडलो नव्हतो, पण त्या दिवशी तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला टाकी नको, मासा नको, तुम्हाला नुसती वाट बघायची आहे, तुम्ही वाट बघताय पण नळ्या वाट बघत नाहीत, असं काहीसं बोललो आणि मग श्वास लागला म्हणून थांबलो. मला वाटलं ते उलट ओरडतील. तेही बरं झालं असतं. ते उठले, हॉलमध्ये आले, टाकीचा दिवा लावला आणि समोर स्टूल ओढून बसले. आत दगड नाही, मासा नाही, नुसतं पाणी. बराच वेळ बघत होते. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, पाणी. गिरणीत माग चालवताना ज्यांचा आवाज मागापेक्षा मोठा असायचा ते आपले दादा, आणि 'पाणी' हा शब्द मला जेमतेम ऐकू आला. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

मग माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, 'आक्काक कळय. रवळनाथाकडे कौल लावूक सांग. सुको की ओलो, तो सांगात तसा करूया.' सीमा आतून म्हणाली, भावोजी, दगडासाठी कौल? दादा म्हणाले, दगडाचो कौल दगडाकच विचारूक होयो. यावर सीमा हसली आणि मीही हसलो, आणि नंतर सीमानं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं की ते दगडाचं विचारत नाही आहेत. (हे मला कळत नाही असं तिला का वाटतं, ते मला कळत नाही.)

तर आक्का, असा प्रकार आहे. तुझं सासर देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे, गुरवाशी तुझं बोलणं आहे, म्हणून तुला त्रास. येत्या सोमवारी देवळात जाऊन दादांच्या नावानं (गुरवाला 'कुशो' म्हणूनच सांग, दादा म्हणू नकोस) कौल लाव. ओला म्हणून विचार. उजवी कळी पडली तर ओला, डावी पडली तर सुका. माझा यावर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. दगडाच्या अंगावर फूल चिकटवायचं आणि ते कुठल्या बाजूनं गळतं यावर माणसाचं काळीज उघडायचं की नाही ते ठरवायचं, हे मला कुणा तिऱ्हाइतानं सांगितलं असतं तर मी दोन तास व्याख्यान दिलं असतं. आता अंगात त्राण नाही. दादा म्हणतात तसं करूया.

जावयांना नमस्कार, नातवाला आशीर्वाद, म्हशीला जपणे. सीमा तुझ्या पाया पडते आहे, मी मनातून पडतो आहे, कारण खरोखर पडलो तर मला उठवायला माणूस लागेल.

तुझा,
हितू

ता. क. — वरचं सगळं दादांनी विचारलं तर दाखवता यावं म्हणून लिहिलं आहे. खरं सांगायचं ते असं. कौल लागू दे नाहीतर न लागू दे, डावी कळी पडू दे नाहीतर देवळात वीज पडू दे, तू मंगळवारी फोन करून उजवा लागला म्हणून सांगायचं. मोठ्यानं सांग. 'ओला' म्हण, 'शिमग्याच्या आत' म्हण, आणि 'देव म्हणता वेळ लावू नको' असंही आपल्या पदरचं घाल. या जगात दादा फक्त दोघांना भितात, रवळनाथाला आणि तुला. दोघांनी एकदम सांगितलं तर ते जातील. खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर लाव, माझ्या कमरेला आता आणखी काय होणार आहे?

ता. क. दुसरा — कौल मात्र खरोखर लाव. उगाच घरी बसून सांगू नकोस. आणि तो काय लागला ते मला कळवू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस.

ता. क. तिसरा — पाकीट पोस्टात टाकायला दादाच निघालेत, डॉक्टरांनी तेवढं चालायला सांगितलं आहे. डिंक संपलाय, ते पोस्टातला लावतील. काळजी नको, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, ते आपल्याला वाचता येत नाही असं ते कायम सांगतात.

आक्का, हितूचा अक्षर माका बरा वाचूक येता. तेका सांगू नको. सोमवारी देवळात जाव नको, त्या देवाक ह्या वयात खोट्यात कित्याक घालतंस? सीमेन दगड सुकवल्यान तो माझ्याच सांगण्यान, तेचो राग सीमेवर नको. हितू रडलो काल. मोरयेत जावन रडलो, नळ सोडून, माका आयकाक येव नये म्हणान. माका भय वाटता, आक्का, दुसरा काय नाय. माका झोपयतले आणि मी खय आसतलंय ता माकाच कळाचा नाय, तेचा भय. मासो टाकयेत आसो नाय तर नसो. तू गाडयेत बस आणि ये. तू दाराभायर बसलंस तर मी भितर जातंय.

कुशो